पैलवान खाशाबा जाधव आणि खेळाचा तास



नाताळचे गोठे आवरून झाले, नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन झाल्या आणि जानेवारीची १५ तारीख आली. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला. तो कोणाच्या नावाने, हे कऱ्हाडकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा तो जन्मदिवस. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा पैलवान आपल्या सातारा जिल्ह्यातला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा.

एरवी या पानावर आपण संतांची चरित्रे वाचतो. खाशाबांना संतांच्या ओळीत बसवायचा माझा विचार नाही, ते ख्रिस्तीही नव्हते. पण गेल्या वर्षी आपल्या चर्चच्या सणाच्या दिवशी माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे मला हे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. ती गोष्ट आधी सांगतो.

सणाच्या मिस्सानंतर दुपारी मुलांच्या शर्यती होत्या. आपल्या धर्मग्रामातला एक अकरा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. त्याला ऑटिझम आहे, मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. तो कमी बोलतो, गोंगाट झाला की कान दाबून धरतो, आणि आनंद झाला की हात हलवत जागच्या जागी उड्या मारतो. पन्नास मीटरच्या शर्यतीला मुले रांगेत उभी राहिली तेव्हा तोही जाऊन उभा राहिला. मला वाटले, शिट्टी वाजली की हा घाबरेल, पडेल, रडेल, लोक बघतील. म्हणून मी प्रेमानेच त्याचा हात धरून त्याला बाजूला आणले आणि बक्षिसांच्या टेबलाशी बसवले. तू राखण कर, असे सांगितले. त्याची आई हसली, तिने माझे आभारही मानले. संध्याकाळी खुर्च्या उचलताना ती सहज म्हणाली की शाळेतही तो हेच काम करतो. पीटीच्या तासाला वर्ग मैदानावर जातो आणि हा दप्तरांची राखण करतो. चौथीपासून असे चालले आहे.

तिने तक्रार केली नव्हती, म्हणून ते जास्त लागले.

आता खाशाबांकडे येतो. १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांनी पाचव्या वर्षापासून त्यांना मातीत उतरवले. घर शेतकऱ्याचे, पैसा बेताचा. पण कृष्णा-कोयनेच्या त्या पट्ट्यात तालीम ही श्रीमंतांची चैन नव्हती, गावोगाव लाल मातीचा हौदा असे आणि जत्रेला कुस्त्यांचा फड लागे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ त्यांचे शिक्षण झाले. ती वर्षे कोणती होती हे ध्यानात घ्या. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला होता, आणि भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यात, निरोप पोचवण्यात या विद्यार्थ्याचाही हात होता असे सांगतात.

अंगाने ते लहानखुरे. उंची साधारण साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, हाडापेराने किरकोळ. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो देह उभा राहतो, तो त्यांचा नव्हताच. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव मिळाले ते याच चणीमुळे.

मॅट्रिक झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापुरात बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. आणि इथेच तो प्रसंग घडला, ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आल्या. खाशाबा कुस्तीसाठी नाव द्यायला गेले. क्रीडाशिक्षकांनी या किडकिडीत पोराकडे वरून खाली पाहिले आणि नाव लिहून घ्यायला नकार दिला. त्यांनी पोराची थट्टा केली असे कुठे वाचलेले नाही. मला वाटते, त्यांनी काळजीपोटीच नाकारले असेल. धिप्पाड मुले उतरणार, हा मोडेल, जबाबदारी कोणाची? मी त्या शिक्षकांना नावे ठेवू शकत नाही. शर्यतीच्या रांगेतून त्या मुलाला बाजूला आणताना माझ्याही मनात तेच होते.

खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले आणि मला उतरू द्या, एवढेच मागितले. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग त्या लहानखुऱ्या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक चीत केले. कॉलेजातून राज्याच्या पातळीवर, तिथून देशाच्या पातळीवर ते पोचले आणि १९४८च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला ॲरिस्टॉटलची एक जोडी शिकवत, सुप्त क्षमता आणि प्रत्यक्ष कृती. बी आणि झाड. परीक्षेत मी त्यावर चार पाने लिहिली होती आणि गुणही बरे मिळाले होते. शर्यतीच्या दिवशी मात्र त्यातले काही आठवले नाही. ज्या संत थॉमस अक्वायनसने ती जोडी ख्रिस्ती विचारात आणली, त्याला वर्गातली मुले मुका बैल म्हणत. थोराड देह आणि तोंडातून शब्द नाही. त्याचे गुरू थोर अल्बर्ट यांनी मात्र त्या गप्पपणाचा अर्थ लावण्याची घाई केली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. खाशाबांना कसलेही अपंगत्व नव्हते, स्वमग्नता तर नव्हतीच. मेलेल्या थोर माणसांना मागाहून आपल्या सोयीची लेबले चिकटवण्याची आजकाल एक पद्धत निघाली आहे, ती मला पसंत नाही. खाशाबांपाशी एक गोष्ट होती जी आपल्या मुलापाशी नाही. ते प्राचार्यांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन स्वतःचे म्हणणे मांडू शकले. ज्या मुलाला शब्दच सापडत नाहीत, त्याने कोणाच्या खोलीत जायचे?

स्वमग्नतेचे वैद्यकीय वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध केले. त्या वर्षी खाशाबा टिळक हायस्कुलात होते. म्हणजे त्यांच्या वर्गात अशी मुले असली तरी त्यांना नाव नव्हते. वेडसर, मुका, हट्टी, लागीर झालेला, असले शब्द होते. आज नाव आहे, पण ते नावही थोडे फसवे आहे. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला, त्याला इतरांची गरज नाही, असे आपण समजून बसतो. यातल्या पुष्कळ मुलांना सवंगडी हवे असतात. त्यांच्यापर्यंत जायची वाट त्यांना आपल्यासारखी आपोआप सापडत नाही. आवाज, उजेड, स्पर्श, गर्दी यांचा त्यांच्यावर होणारा परिणाम वेगळा असतो. आपल्याला शिट्टी ऐकू येते, त्यांतल्या काहींना ती कानात खिळा ठोकल्यासारखी लागते. कित्येकांना चेंडू झेलणे, उडी मारणे, तोल सांभाळणे या हालचालीही जड जातात. मग मैदानापासून दूर ठेवले की त्या आणखी जड होतात. त्यातही एक मूल दुसऱ्यासारखे नसते.

एका विशेष शिक्षिकेकडे जाऊन मी हे समजून घेतले. त्यांचे बोलणे ऐकताना माझ्या मनात सारखी जुनी तालीम येत होती. पहाटेची वेळ. रोज तीच जागा, तीच माती. आधी हौदा खणायचा, मग जोर, मग बैठका, मग लढत. क्रम मोडत नाही. जोर मोजून मारायचे, म्हणजे किती झाले आणि किती राहिले हे मुलाला ठाऊक असते. वस्ताद भाषण करत नाही, हाताला धरून डाव दाखवतो, पुन्हा दाखवतो, शंभर वेळा दाखवतो. जोडीदार एकच. आणि आता आपल्या शाळेतला पीटीचा तास डोळ्यांपुढे आणा. साठ मुले, एक शिट्टी, एका दमात सांगितलेल्या तीन सूचना, दर आठवड्याला वेगळा खेळ, आणि सरांचे लक्ष आंतरशालेय स्पर्धेच्या संघाकडे. सरांचाही दोष नाही, त्यांना कार्यालयातली कामेही असतात. पण स्वमग्न मुलाला ज्या गोष्टी सोप्या जातात त्या जुन्या तालमीत होत्या, आणि ज्या अवघड जातात त्या सगळ्या आजच्या मैदानावर एकत्र येतात.

याचा अर्थ उद्या मुलाला उचलून तालमीत घाला असा कृपया घेऊ नका. कुस्तीत अंगाला अंग भिडते. काही स्वमग्न मुलांना घट्ट धरले की बरे वाटते, काहींना नुसता हात लागलेला सोसत नाही. घ्यायची आहे ती तालमीची रीत. काय होणार हे आधी सांगायचे, शक्य तर चित्रांनी. एका वेळी एकच सूचना. शिट्टीऐवजी झेंडा. एक ठरलेला जोडीदार. दमला तर जाऊन बसायला एक शांत कोपरा, आणि तिथून परत यायची मोकळीक. धावणे, पोहणे, सायकल, दोरीवरच्या उड्या अशा खेळांपासून सुरुवात केलेली बरी, कारण त्यात नियम क्षणाक्षणाला बदलत नाहीत. कबड्डी-खोखो नंतर बघू. काही मुले तिथेही पोचतात.

पुन्हा चरित्राकडे वळतो. १९४८च्या लंडन प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबा पहिल्यांदाच गादीवर उतरले. जन्म मातीत गेलेला. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. नियमही आंतरराष्ट्रीय, न कळणाऱ्या भाषेत पुकारलेले. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना हाताशी घेतले. नवख्या जागी, नवख्या नियमांत त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर चार वर्षे त्यांनी अधिकच घाम गाळला.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीत पुन्हा अडथळा आला. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत लावली गेली, आणि त्यांनी ती जिंकली. निवड झाली, पण पैसे नव्हते. सरकारी मदत वेळेवर हाती येईना. मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. व्यापाऱ्यांनी जमेल ते दिले. आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार. तेच खर्डेकर, ज्यांनी त्याला कॉलेजच्या स्पर्धेत उतरू दिले होते. एकदा परवानगी दिली की काम संपले असे त्यांनी मानले नाही. मी स्वतः त्यांच्या जागी असतो तर काय केले असते याचा विचार करतो, आणि उत्तर फारसे सुखाचे येत नाही.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ती कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली. खाशाबा निसटत्या फरकाने हरले. श्वास जागेवर येतो न येतो तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबांना ती भाषा येत नव्हती. दमलेल्या शरीराने ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

या प्रसंगापाशी मी फार वेळ थांबलो. नियम होता, तो सांगणारा माणूस जवळ नव्हता. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ व करमणुकीची संधी द्यावी, असे त्या कायद्याच्या सोळाव्या कलमात लिहिले आहे. खेळ हा शब्द तिथे स्पष्ट आहे. पण शाळेच्या कार्यालयात एकटी उभी राहिलेली आई ते कलम कसे काढून दाखवणार? तिला पुढच्या वर्षी त्याच शाळेत मुलाला ठेवायचे असते. ती हसते आणि आभार मानते. अशा वेळी तिच्यासोबत कोणीतरी जावे लागते. धर्मग्राम मंडळात आपण वर्गण्यांचा हिशेब बारकाईने पाहतो, या कामासाठी मात्र आजवर कोणाची नेमणूक केल्याचे मला आठवत नाही.

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पंधरा मिनिटांची वाट कापायला सात तास लागले असे म्हणतात. ढोल, हलगी, गुलाल. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोठे वाटते. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर सोडवले.

त्याच काळात शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या पेठ गावी, मुरलीकांत पेटकर नावाचा एक लहान मुलगा वाढत होता. खाशाबांच्या पदकाच्या वेळी तो सात वर्षांचा होता. पुढे तो सैन्यात गेला, मुष्टियोद्धा झाला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्याला कायमचे अपंगत्व आले. पोहणे त्याने उपचार म्हणून सुरू केले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. देशाला त्याची नीट आठवण व्हायला २०१८ साल उजाडले, तेव्हा पेटकरांना पद्मश्री मिळाली. म्हणजे भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक साताऱ्याचे आणि पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण सांगलीचे. आपण या दोन्ही जिल्ह्यांत राहतो आणि दोन्ही गोष्टी मुलांना क्वचितच सांगतो.

मनाने किंवा बुद्धीने वेगळ्या असलेल्या मुलांसाठी मैदान खुले करण्याचे श्रेय मात्र जगात प्रामुख्याने युनिस केनेडी श्रायव्हर या कॅथोलिक बाईंना जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडींची ही बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अपंगत्व होते. १९६२च्या उन्हाळ्यात युनिसबाईंनी स्वतःच्या मेरीलँडमधल्या घराच्या आवारातच अशा मुलांचे शिबिर भरवले. १९६८ साली शिकागोच्या मैदानावर पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स झाले, त्यात सुमारे एक हजार खेळाडू उतरले. २००९ साली त्यांचे निधन झाले. त्या चळवळीचा आणखी एक प्रकार मला विशेष आवडतो. त्यात अपंगत्व असलेली आणि नसलेली मुले एकाच संघात, खांद्याला खांदा लावून खेळतात. २०२३ साली बर्लिनमध्ये झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके मिळवली. हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले? या स्पर्धा बौद्धिक अपंगत्वासाठी आहेत. सगळ्याच स्वमग्न मुलांना ते नसते, काही वर्गात पहिली येतात. त्यांना वेगळ्या स्पर्धेत पाठवून सुटका होत नाही, त्यांची जागा शाळेच्या मैदानावरच करावी लागते.

खाशाबांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते, कारण त्यात टाळ्या फारशा नाहीत. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६च्या ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीमुळे सोडावी लागली. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, इतरांना खेळ शिकवला आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. गोळेश्वरला त्यांनी घर बांधले, त्याला नाव दिले ऑलिम्पिक निवास. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ५८. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० साली त्यांचे नाव दिले. वैयक्तिक खेळातले दुसरे पदक भारताला मिळाले १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेसने मिळवले. मधली चव्वेचाळीस वर्षे त्या एका कांस्यपदकाशेजारी दुसरे काही नव्हते. आणि कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांच्या यादीत तर त्याचे नावही येणार नव्हते.

आता आपल्याकडची सूचना. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर चर्चच्या मैदानावर मुलांच्या शर्यती आहेत. या वर्षी शिट्टी आणि लाउडस्पीकर वापरणार नाही, सुरुवात झेंड्याने होईल. प्रत्येक शर्यतीचा क्रम चित्रांसह फलकावर आठ दिवस आधी लागेल. ज्या मुलाला जोडीदार हवा असेल त्याला जोडीदार मिळेल. त्यासाठी युवा संघातल्या चार जणांनी नावे दिली आहेत, आणखी तिघे हवे आहेत. साक्रिस्तीमागची खोली शांत बसण्यासाठी मोकळी ठेवली आहे. पालकांना एक विनंती आहे. एखादे मूल हात हलवत उलट्या दिशेने धावले तर कृपया हसू नका आणि डोळे भरून टाळ्याही वाजवू नका. इतर मुलांसाठी वाजवाल तेवढ्याच वाजवा.

त्या मुलाच्या घरी मी डिसेंबरात जाऊन आलो आणि झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला, हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. बघू या, फादर, एवढेच म्हणाली. शाळेतून पूर्वी दोनदा मुलाला हसे होऊन परतलेले तिने पाहिले आहे, तेव्हा तिची सावधगिरी मला समजते. वडील मात्र गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्याला घेऊन मैदानावर आले. फक्कीची रेषा आखून ठेवली होती. दोन फेऱ्या तो रेषेवरून पाऊल न ढळू देता चालला. तिसऱ्या फेरीला अर्ध्यापर्यंत धावला, मग थांबून फक्की बोटाने चाचपून पाहत बसला. आम्ही कोणी काही बोललो नाही. अंधार पडल्यावर तो आपणहून उठला आणि उरलेली अर्धी फेरी चालत पुरी केली.

२६ तारखेला तो उतरणार की नाही, हे त्याच्या घरचे त्या दिवशी सकाळी ठरवतील. यादीत त्याचे नाव लिहून ठेवले आहे.